बॉनेटखालचे आकडे

डोलवीच्या पोलाद कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणारा माणूस पाळी सुटेपर्यंत आकडे वाचत असतो. भट्टीचे तापमान, थंड करणाऱ्या पाण्याचा दाब, वायूचा प्रवाह, मोटारीने ओढलेला करंट. प्रत्येक गोष्टीला सेन्सर, सेन्सरची वायर कंट्रोल रूमपर्यंत, आणि तिथे पडद्यावर सरकणारा आलेख. एखादा आकडा नेहमीच्या जागेवरून थोडा हलला तरी त्याच्या लक्षात येते, आणि बिघाड होण्याआधीच फोन फिरतात. पाळी संपल्यावर तोच माणूस आपल्या छोट्या मोटारीत बसून वडखळमार्गे पेणला निघतो, तेव्हा त्याच्यासमोर वेगाचा काटा, इंधनाची पट्टी आणि चार दिवे एवढेच असते. आजच्या अनेक छोट्या गाड्यांत इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटाही उरलेला नाही. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापले तर लाल. मधले काही कळायला मार्ग नाही.

मे महिन्यातल्या दुपारी वडखळच्या कोंडीत एसी लावून उभ्या असलेल्या गाडीचा विचार करा. रेडिएटरवर वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंख्याचा रिले गेला असेल तर पाण्याचे तापमान नव्वदीतून शंभरावर आणि तिथून पुढे चढत राहते. हे चढणे काही मिनिटे चालते, म्हणजे वेळ असतो. पण लाल दिवा लागतो तो शेवटी. तोपर्यंत सिलिंडर हेडचे गॅस्केट जाण्याची वेळ आलेली असते.

हा आकडा गाडीत नसतो असे नाही. इंजिन चालवणारा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ईसीयू म्हणतात, तो हे तापमान सतत मोजत असतो. शिवाय इंजिनाचे फेरे, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि दाब, थ्रॉटल किती उघडले आहे, धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, बॅटरीचा व्होल्टेज, असे डझनावारी आकडे त्याच्यापाशी असतात. ते चालकाला दाखवलेले नाहीत, एवढेच. स्वतःच्या हाताने गाडीत पडदा बसवून हे आकडे त्यावर आणणे, जोडीला नकाशा, गाणी आणि मागचा कॅमेराही त्याच पडद्यावर चालवणे, हा उद्योग जगभर हौशी मंडळी करत आली आहेत. माझ्या मते तो पेण-रोह्याच्या पट्ट्यात सर्वांत जास्त शोभेल. एका बाजूला डोलवीचे पोलाद, दुसऱ्या बाजूला नागोठण्याचे पेट्रोकेमिकल, पुढे धाटावची रासायनिक वसाहत. सेन्सर, सिग्नल आणि अर्थिंग या गोष्टी हाताखालून गेलेली इतकी माणसे दुसरीकडे सहज सापडत नाहीत.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला हात घातला की १६ पिनांचे एक सॉकेट लागते. हा ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करून ती बाहेर सांगण्याची जागा. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत तो सक्तीचा झाला, कारण कॅलिफोर्नियाच्या हवेतले प्रदूषण. भारतात प्रदूषणाच्या बीएस-४ मानकांबरोबर एप्रिल २०१० पासून या तपासणीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा, अधिक सविस्तर टप्पा. म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांतली जवळजवळ कोणतीही मोटार बोलायला तयार असते. या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थ, आणि ६ व १४ वर कॅन बसच्या दोन वायरी.

कॅन बस ही जर्मनीच्या बॉश कंपनीची देणगी. १९८३ मध्ये काम सुरू झाले, १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत ती मांडली गेली. त्याआधी प्रत्येक सेन्सरसाठी वेगळी वायर ओढावी लागे, आणि महागड्या गाड्यांत वायरिंगचा जुडगा मनगटाएवढा जाड होऊ लागला होता. कॅनमध्ये दोनच पिळलेल्या वायरींवर गाडीतले सगळे संगणक जोडलेले असतात. एकाच वेळी दोघे बोलू लागले तर काय, याचे उत्तर फार सुंदर आहे. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि वायरीवर ‘शून्य’ हा ‘एक’पेक्षा वरचढ ठरतो. ज्याचा क्रमांक लहान, त्याचे शून्य आधी येते. दुसऱ्याला आपण पाठवलेला ‘एक’ वायरीवर दिसत नाही, तो तिथेच थांबतो. जिंकलेल्याचा संदेश मध्येच तुटत नाही, त्यातली एकही बिट वाया जात नाही. ब्रेकसारख्या तातडीच्या गोष्टींना लहान क्रमांक द्यायचा, की काम झाले. कुणी पंच लागत नाही.

मोटारींत या वायरीवर सहसा सेकंदाला ५ लाख बिट्सचा वेग असतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, त्यामुळे गाडी बंद करून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला तर ६० ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा. १२० दिसला तर एक टोक सुटले आहे. कारखान्यात फील्डबस सांभाळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता संभाषण. पडद्यामागचा आपला छोटा संगणक ईसीयूला विचारतो: ‘०१ ०सी’. यातला ०१ म्हणजे ‘आत्ताची स्थिती सांग’, आणि ०सी म्हणजे ‘इंजिनाचे फेरे’. उत्तर येते: ‘४१ ०सी ०सी ८०’. शेवटचे दोन आकडे सोळाच्या पायावरच्या मोजणीतले आहेत. आपल्या मोजणीत ते १२ आणि १२८. पहिल्याला २५६ ने गुणा, दुसरा मिळवा, चारने भागा. १२ × २५६ + १२८ म्हणजे ३,२००, भागिले ४ म्हणजे ८००. गाडी न्यूट्रलमध्ये मिनिटाला ८०० फेऱ्यांवर संथ चालली आहे. तापमान याहून सोपे: ०५ विचारायचे आणि आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे. १२३ आले तर ८३ अंश सेल्सिअस. हे चाळीस मुद्दाम ठेवले आहेत, म्हणजे उणे तापमानासाठी वेगळी खूण लागत नाही. ही सगळी सूत्रे जाहीर मानकात आहेत आणि सगळ्या कंपन्यांना सारखी लागू आहेत. फक्त अवजड ट्रक-ट्रेलरांची भाषा वेगळी, आणि त्यांची वीजही २४ व्होल्टची. धरमतर-डोलवीच्या रस्त्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरला मोटारीचे यंत्र जोडायला जाऊ नये.

पडद्यामागे बहुतेक हौशी लोक रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरतात. तो २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांसाठी काढला होता. त्यावर लिनक्स चालते, आणि लिनक्समध्ये कॅन बसची भाषा २००८ पासून आतच बसवलेली आहे. ते काम फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने केले. मध्ये एक छोटे कॅन कंट्रोलर बोर्ड लागते. यात एक गोम आहे: या स्वस्त बोर्डांवर कधी ८ तर कधी १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असतो, आणि सेटिंगमध्ये चुकीचा लिहिला तर सगळे बरोबर जोडूनही एक अक्षर वाचता येत नाही. बोर्ड घेताना क्रिस्टलवर छापलेला आकडा वाचावा. वायरिंग करायचे नसेल तर ब्लूटूथचा तयार ओबीडी अॅडाप्टर आणि फोन एवढ्यावरही भागते, फक्त आकडे संथ येतात.

आकडे दिसू लागले की खरा प्रश्न सुरू होतो: ते खरे आहेत का? एक उदाहरण आपल्या देशासाठी फार महत्त्वाचे आहे. परदेशात लिहिलेली बहुतेक अॅप हवेच्या मोजणीवरून पेट्रोलचा खप काढतात. तर्क असा की एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि ईसीयू हे प्रमाण सांभाळतो. म्हणून हवा १४.७ ने भागली की पेट्रोल मिळाले. पण आज आपल्या पंपावर मिळणारे पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२०. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे एक ग्रॅम इथेनॉलला ९ ग्रॅम हवाच पुरते. मिश्रणाचे गणित केले तर ई-२० साठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते.

समजा गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि सेकंदाला १० ग्रॅम हवा घेते आहे. १४.७ ने भागून, पेट्रोलची घनता लिटरला ७५० ग्रॅम धरून हिशोब केला तर अॅव्हरेज साधारण १८.४ किलोमीटर दिसते. १३.५ ने भागले तर १६.९. पडदा लिटरमागे दीड किलोमीटर जास्त दाखवतो, आणि मालक पंपावर टाकी भरताना गोंधळात पडतो. स्वतः बनवलेल्या पडद्यात हा एक आकडा बदलणे हे एका ओळीचे काम आहे. तयार अॅपमध्ये अनेकदा ते शक्यच नसते. आणि डिझेल गाडीला तर हे सूत्र लावूच नये, कारण डिझेल इंजिन हवेचे ठरावीक प्रमाण पाळतच नाही. तिथे भार जितका जास्त, तितके हवा-इंधनाचे मिश्रण दाट.

अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतोच, फक्त दाबाचा असतो. मग फेरे, दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाची क्षमता यांवरून हवा किती आली ते काढावे लागते. थोडे जास्त गणित, पण बारावीच्या भौतिकशास्त्रातल्या वायूच्या समीकरणापलीकडे काही नाही.

माझ्या मते पडद्यावरचा सर्वांत मोलाचा आकडा कुठला विचाराल, तर तो वेग नव्हे आणि अॅव्हरेजही नव्हे. तो आहे ‘फ्युएल ट्रिम’. ईसीयूच्या तक्त्यात किती पेट्रोल सोडायचे ते लिहिलेले असते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण पातळ झाले की दाट. त्यानुसार ईसीयू तक्त्यात टक्क्यांनी दुरुस्ती करत राहतो. क्षणाक्षणाची दुरुस्ती वेगळी आणि दीर्घकाळात मुरलेली वेगळी. ही दीर्घकालीन दुरुस्ती शून्याच्या जवळपास असेल तर इंजिन निरोगी. साध्या पेट्रोलसाठी बेतलेल्या जुन्या गाडीत ई-२० भरले की ती अधिककडे सरकते. पेट्रोल जवळपास नऊ टक्के जास्त सोडावे लागते, हे वरच्या गणितावरूनच निघते. पण ती वीसच्या पुढे गेली तर इंधन बदलल्याचे निमित्त पुरत नाही. कुठेतरी हवा गळते आहे, इंजेक्टर तुंबला आहे किंवा पंपाचा दाब पडला आहे. चेक लाइट लागायच्या कितीतरी आधी हे कळते. जुने मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचे, काळा पडला की मिश्रण दाट, पांढुरका की पातळ. ती नजर चुकीची नव्हती. तीच तपासणी आता गाडी चालू असताना, टक्क्यांत होते.

आता या भागातल्या हवेविषयी. डोलवी अंबा नदीच्या खाडीकाठी आहे, आजूबाजूला खारेपाट. हवेत मीठ, आणि रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नुसती वायर सोलून पिळून टेप गुंडाळली तर एका पावसाळ्यात तांब्यावर हिरवा थर चढतो, रोध वाढतो, आणि पडदा कधी चालतो कधी बंद पडतो. असे बिघाड शोधणे सर्वांत कंटाळवाणे. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, पक्का दाबून बसवलेला लग, वर गरम करून आवळणारी नळी, हे इथे अनावश्यक कौतुक नाही. कारखान्यात केबल ग्लँड ज्या काळजीने आवळतात, तीच काळजी इथे हवी.

विजेचेही तसेच. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण सेल्फ मारताना ती आठ व्होल्टपर्यंत किंवा त्याखालीही येते, इंजिन चालू असताना चौदाच्या पुढे असते, आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर सुटली तर अल्टरनेटर क्षणभर शंभर व्होल्टच्या आसपासचा झटका देऊ शकतो. छोट्या संगणकाला लागतात नेमके ५ व्होल्ट. म्हणून मोटारीसाठीच बनवलेला कन्व्हर्टर, त्याच्या आधी झटका गिळणारा डायोड, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज पडद्यापाशी लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तिचे रक्षण कोण करणार? शिवाय किल्ली काढल्यावर हा संगणक आधी नीट बंद व्हावा आणि मग वीज तुटावी, अशी सोय लागते. नाहीतर मेमरी कार्ड खराब होते. आणि वीज तुटलीच नाही, तर अर्धा अँपिअर ओढणारे यंत्र दिवसाला १२ अँपिअर-तास खाते. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत मान टाकते.

पडदा मोठा आणि रंगीत करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर कापते, आणि आपल्या महामार्गावर ३३ मीटरांत दुचाकी, गुरे आणि खड्डा तिन्ही येऊन जातात. चालताना पडद्यावर तीन मोठे आकडे पुरेत: पाण्याचे तापमान, व्होल्टेज, फ्युएल ट्रिम. बाकी सगळे मागे नोंदवून ठेवावे आणि घरी गेल्यावर बघावे. पडदा कधीही एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत बसवू नये.

गाणी, नकाशे आणि इंजिन हे एकाच जाळ्यावर आले की दुसरा धोका येतो. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोन संशोधकांनी चालत्या जीप चेरोकीचा ताबा मैलोगणती दूर बसून घेऊन दाखवला. ते आत शिरले ते मनोरंजनाच्या पडद्यातून, त्याच्या मोबाइल जोडणीवरून, आणि तिथून कॅन बसवर. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणून घरी बनवलेल्या पडद्यात इंटरनेट आणि कॅन या दोन गोष्टी एकाच पेटीत असतील तर मधला कार्यक्रम ठरावीक प्रश्नच विचारू शकेल असा बांधावा. वाचण्याचे प्रश्न, दुसरे काही नाही.

हेच मला ट्यूनिंगबद्दल सांगायचे आहे. बाजारात ‘रीमॅप’ करून देणारे भेटतात: पिकअप वाढेल, अॅव्हरेजही वाढेल. ईसीयूच्या आत फेरे आणि भार यांचे तक्ते असतात. प्रत्येक चौकटीत किती इंधन आणि ठिणगी किती अंश आधी, ते लिहिलेले असते. ३,००० फेऱ्यांवर इंजिनाचा एक अंश फिरायला सुमारे ५६ मायक्रोसेकंद लागतात. ठिणगी काही अंश लवकर पडली तर इंजिन ठोकू लागते, भाराखाली मिश्रण पातळ झाले तर पिस्टनचा माथा वितळू शकतो, दाट झाले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि धूर वाढतो. कंपन्या हे तक्ते महिनोन्‌महिने थंडीत, उन्हात, घाटात तपासून भरतात. जो माणूस नोंदी न घेता, ऑक्सिजनचे मोजमाप न करता, अर्ध्या तासात तक्ता बदलून देतो, त्याने काहीही ट्यून केलेले नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पेणच्या आरटीओत नोंदलेल्या एमएच-०६ च्या गाडीलाही हे लागू आहे. आकडे वाचणारा पडदा या बदलांत बसत नाही. ईसीयू पुन्हा लिहिणे बसते.

महाराष्ट्रात हाताने मोटार बांधण्याची हौस जुनी आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ ही छोटी गाडी बांधली. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून चालू होणारी मोटार बनवली आणि २०२१ च्या अखेरीस ती देशभर गाजली. ही दुसरी गाडी रस्त्यावरच्या नियमांपाशी अडली. पडद्याची हौस तशी अडत नाही. आणि ज्यांना खरोखर तक्ते लिहायचे आहेत त्यांच्यासाठी जागा आहे: महाविद्यालयांच्या संघांच्या शर्यती. फॉर्म्युला स्पर्धांतली वाहने रस्त्यासाठी नसतात. तिथे मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा खुला ईसीयू लावता येतो, त्याचा प्रत्येक तक्ता उघडून बघता येतो, आणि इंजिन फुटले तरी त्यातून विद्यार्थी शिकतो.

रायगडात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, आणि निवृत्त होऊन घरी बसलेले अनुभवी इन्स्ट्रुमेंट फिटर गावोगाव आहेत. या तिघांनी एकत्र बसून खारेपाटाच्या हवेत टिकेल असा, मराठीत आकडे दाखवणारा, ई-२० चे गणित बरोबर करणारा एक पडदा बनवावा आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला करावा. अवघड नाही, महागही नाही.

तोपर्यंत ज्यांच्याकडे साधा ओबीडी अॅडाप्टर आहे त्यांनी एवढे करावे. गणपतीला कोकणात निघायच्या आधी, गाडी निरोगी असताना, इंजिन गरम झाल्यावर पाण्याचे तापमान, चालू इंजिनावरचा व्होल्टेज आणि दीर्घकालीन फ्युएल ट्रिम हे तीन आकडे वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी मिस्त्रीकडे जाताना ती वही सोबत न्या.